टॉर्किलची झुलपं

२ फेब्रुवारी
ठरलं. महिनाअखेर ओबनच्या गुरांच्या बाजारात आमच्या वळूला, टॉर्किलला, मीच रिंगणात फिरवणार. हेक्टरकाका बर्फावर घसरून पाय मोडून बसलेत, एफीमावशीचा खांदा धड नाही, उरलो मी. मासेमारीची बोट सोडली, ग्लासगोच्या हॉटेलातली नोकरी सोडली. हे मात्र तडीस नेणार. बैल विकला गेला की थेट पोर्तुगाल.
मी घाबरलेलो नाही. त्याचं एकेक शिंग माझ्या हाताएवढं आहे, एवढीच नोंद.

४ फेब्रुवारी
आज हॉल्टर, म्हणजे तोंडाची मोरकी, घालायचा होता. वारा फार. शिवाय जनावराला हात लावण्याआधी अभ्यास हवा. ही हायलंड गुरं मूळ दोन घराण्यांची: आमच्यासारख्या बेटांवरची काळी-बुटकी, आणि मुख्य भूमीवरची तांबूस, थोराड. पूर्वी खाडीतून पोहत बाजाराला नेत. पोहण्यावरून ऑक्टोपसपर्यंत पोचलो. त्याला तीन हृदयं असतात. संध्याकाळ झाली.

७ फेब्रुवारी
हॉल्टर घातला. म्हणजे मावशीने घातला, मी कुंपणापलीकडून मार्गदर्शन केलं. हेक्टरकाका खिडकीतून ओरडले, अरे लॅकी, बैल इकडे बांधलाय, तू तिकडे कुंपणाला कशाला धरून ठेवलंयस?

११ फेब्रुवारी
जेवायला बीफचा रस्सा. अप्रतिम. मावशी म्हणाली, या गुरांना केसांचीच ऊब, म्हणून कातडीखाली चरबीचा थर नाही. ती मांसात बारीक दोऱ्यांसारखी उतरते. सावकाश वाढतात, म्हणून चव. दुसऱ्यांदा वाढून घेतलं. मग कळलं, हा टॉर्किलचा धाकटा भाऊ होता.
आता कळपात टॉर्किलच्याच मुली वयात आल्यात, त्याला तिथे ठेवता येत नाही. बाजारात गिऱ्हाईक नाही मिळालं, तर त्याचाही रस्सा.
खिडकीतून पाहिलं. रवंथ करत होता बिचारा. ताट बाजूला सारलं. आता त्याची भीती वाटते आणि त्याच्यासाठीही वाटते. म्हणजे वाटत नाही, पण वाटली असती.

१५ फेब्रुवारी
चालण्याची प्रॅक्टिस. ढकलगाडी बघून साहेब दचकले, मी काटेरी झुडपात. निष्कर्ष: घाबरट तो आहे. कपाळावरून नाकापर्यंत झुलपं, दिसणार काय त्याला?

२१ फेब्रुवारी
टॉर्किलची आंघोळ, मग हेअरड्रायर. मावशी नवरी सजवावी तशी झुलपं विंचरत होती. म्हणाली, लक्षात ठेव राजा, घेणारा सगळ्यात आधी... तेवढ्यात फोनवर पोर्तुगालचं स्वस्त तिकीट दिसलं.

२४ फेब्रुवारी, सकाळ
रात्रभर घाम. रिंगणात दचकला तर मी मेलो आणि तोही. ट्रक यायच्या आत कुंपणाला शिडी लावून चढलो, झुलपांवर कात्री चालवली. दोघांचेही जीव वाचवले.
त्याला डोळे आहेत. तपकिरी. ते माझ्याकडे बघत होते. शिडी तिथेच सोडली.

२४ फेब्रुवारी, परतीच्या बोटीवर
रिंगणात कोकरासारखा चालला! माझी थिअरी बरोबर!
बोली मात्र एकही नाही. बाकावरून एक म्हातारा म्हणाला, एफीबाई, बैल आणलाय की पलटणीतला रंगरूट? सगळा मंडप हसला. झुलपं हीच म्हणे या जातीची शान. आधी सांगायला हवं होतं कुणीतरी.
मावशी बोटीत बसली. मग फोन काढून शांतपणे म्हणाली, खाटकाला कळवते. मी नको म्हणालो. इतक्या मोठ्याने, की समोरच्या बाईचा चहा सांडला.
मावशीने फोन परत खिशात ठेवला. मग म्हणाली, ठीक आहे. केस वर्षभरात येतील. पण रोज विंचरायला माणूस लागेल.

२५ फेब्रुवारी
पोर्तुगाल रद्द.
टॉर्किलला मुलींपासून लांब ठेवायचं, म्हणून वरच्या कुरणात सोडलाय. त्याच कुरणात माझी कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरची राहायची खोली, आहे. हे काल बोटीवर सुचायला हवं होतं.
मी घाबरलेलो नाही. फणी हातात घेऊन सकाळपासून तयार बसलोय. पण दार बाहेर उघडतं, आणि टॉर्किल दारालाच पाठ घासतोय. मध्येच थांबून खिडकीतून आत बघतो.
आता त्याला सगळं स्वच्छ दिसतं.