डाव्या दारावर सौंसर, उजव्या दारावर पांढुर्णा

सौंसर, रविवार

प्रिय अरविंद मास्तर,

हिरामण पत्र लिहितो हे पाहून धक्का बसला असेल. बसू दे, निदान शेवटपर्यंत वाचशील. यमुना वहिनी गेल्या, लेक म्हणून तुषार तुला पुण्याला आपल्या घरी घेऊन गेला, आणि तेव्हापासून तू कोणाचा फोन घेत नाहीस, खोलीबाहेर येत नाहीस, जेवायला बोलावलं तर "ठेवा तिथं" म्हणतोस, असं तो सांगतो. इकडे माघातल्या मोटारींच्या रॅलीची नावनोंदणी सुरू झालीय आणि आपल्या जिप्सीतली तुझी सीट रिकामी आहे. त्या सीटवर सध्या संत्र्याचे क्रेट बसतात, आणि ते तुझ्यापेक्षा कमी बोलतात एवढाच काय तो फायदा.

आपली टीम कशी सुरू झाली, आठवतं? कुठलीशी मोठी रॅली सौंसरवरून चालली होती आणि त्यातली एक गाडी रस्ता विचारायला आपल्या चहाच्या टपरीपाशी थांबली. तू गणिताचा मास्तर! त्यांना रस्ता सांगता सांगता बाजूची दोन गावं, एक नाला आणि तुझ्या आत्याचं सासरही सांगितलंस. ते बिचारे हात जोडून निघून गेले. तू मला म्हणालास, "हे इतके चुकत चुकत चालवून राहिले, मंग आपण काय वाईट आहो?" त्या एका वाक्यावर मी सरकारी लिलावातली जुनी जिप्सी उचलून आणली. घरात बायको, म्हणजे आमची देवका, महिनाभर माझ्याशी बोलली नाही. तो महिना तसा शांततेत गेला.

मग टीमच्या नावाचं भांडण, मी सौंसरचा आणि तू पांढुर्ण्याचा. मी म्हणे सौंसर आधी, कारण गाडी माझी. तू म्हणे पांढुर्णा आधी, कारण डोकं तुझं. शेवटी वहिनीच ब्रश घेऊन आल्या आणि एका दारावर सौंसर-पांढुर्णा, दुसऱ्यावर पांढुर्णा-सौंसर असं लिहून मोकळ्या झाल्या. भोपाळकडच्या रॅलीत तपासणीवाल्याने गाडीला दोन फेऱ्या मारल्या आणि दुसरी टीम कुठंय म्हणून विचारलं. पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून तर तुझ्या अंगात कलेक्टरच शिरलाय. पण मी अजूनही हटलेलो नाही, हे लक्षात ठेव.

आणि तो पचमढीकडचा घाट! एकाने गाडी हाकायची आणि बाजूच्याने कागदात पाहून पुढचं वळण ओरडून सांगायचं, एवढंच तर काम. बाकीचे लोक वळणांना आकडे देत होते. तू म्हणालास, "हिरामण्या, तुले आकडे पाठ होत नाही, जागा होतात." म्हणून आदल्या दिवशी रस्ता पाहताना तू प्रत्येक वळणाला आपल्याकडचं नाव ठेवलंस. भैय्याजींच्या बागेपाशी रस्ता अचानक डावीकडे वळतो तसं ते "भैय्याजी", रेल्वेच्या फाटकापाशी आहे तसा चढ तो "फाटक", आणि जामसांवलीला आपल्या मारुतीच्या देवळाकडे रस्ता वळतो तसं मोठं उजवं वळण ते "जामसांवली". दुसऱ्या दिवशी गाडी अशी पळाली की लोक बघत राहिले. मग तू ओरडलास, "जामसांवली!" मी लहानपणापासूनच्या सवयीने दोन्ही हात जोडले आणि डोळे मिटले. उघडले तेव्हा आपण तुरीच्या वावरात होतो.

तू तुरीत उभा राहून मला झापत होतास, "अबे, पाया पडाले स्टेअरिंग सोडते का कोणी?" पण मास्तर, तुझा कागदही तुझ्या पायाशी पडला होता. म्हणजे हात तूही जोडले होतेस. घरी आल्यावर वहिनींनी सगळं ऐकून घेतलं, कोथिंबीर भरलेल्या सांबारवडीचं ताट पुढं केलं आणि म्हणाल्या, "चला, दर्शन तं झालं." आपल्या टीमला आजवर मिळालेलं एकच बक्षीस शिस्तीचं आहे, तेही गुरांचा कळप जाईपर्यंत थांबलो म्हणून. ते त्यांनी तुमच्या देवघरात ठेवलं होतं.

तुझ्या जागी मी माणसं पाहिली नाहीत असं समजू नकोस. पुतण्या अभिजीत आला, मोबाईल घेऊन. त्यातली बाई दर फर्लांगावर गाडी मागे वळवायला सांगते आणि डोंगर आला की गप्प होते. मग देवका बसली. ती तोंडाने डावीकडे म्हणते, हाताने उजवीकडे दाखवते आणि वळण मागे पडलं की म्हणते, "गेलं न ते!" शिवाय रस्त्यात वांगी दिसली की गाडी थांबवते. परवा तिच्यावर ओरडलो, तर ती म्हणाली, "माह्यावर कायले चिडून राहिले? तुमाले अरविंदभाऊ पायजे."

खरंच पाहिजे. मला वहिनींची फार आठवण येते. त्यांच्याबद्दल बोलायला मला तूच आहेस, आणि तूच दार लावून बसलास, म्हणून तुझा रागही येतो. मी रॅलीत नाव दिलेलं नाही आणि हे पत्रही रॅलीसाठी नाही. गुरुवारी सकाळी मी आणि देवका जिप्सी घेऊन तुला आणायला पुण्याला निघतोय. तुषारला सांगितलं तर तो "या काका" म्हणाला आणि रडायला लागला. तुझं पांढुर्ण्याचं घर देवकानं झाडून ठेवलंय. अडचण एकच आहे, अमरावतीच्या पुढचा रस्ता मला ठाऊक नाही. तू बाजूला नसताना मी इतक्या लांब कधी गाडी नेलेली नाही. अभिजीतचा मोबाईल घरीच ठेवतोय. अमरावतीला पोचलो की देवका तुला फोन लावेल आणि माझ्या कानाशी धरेल. तू उचलला नाहीस तर आम्ही दोघं तिथंच रस्त्याच्या कडेला थांबू आणि तू सांगेपर्यंत हलणार नाही.

तुझाच,
हिरामण