राळ फासलेला पाहुणा

प्रिय कासियानोमामा यांस,

भाचा गास्पार याचा आदरपूर्वक नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? इकडे मक्याला कणसे धरली आहेत, आणि तुमचे पत्र नाही म्हणून आई (तुमचीच बहीण) रुसली आहे.

तुम्हाला ठाऊकच आहे, नेयदीच्या वडिलांनी, म्हणजे फेर्मीनकाकांनी, मला जावई करायचे की नाही हे ठरवण्यासाठी आपल्या पोकळ ओंडक्यांत पाळलेल्या मधमाश्या नऊ दिवस माझ्यावर सोपवल्या आणि ते डोळे दाखवायला मेरिदाला गेले. नियम आपल्या घरचेच: माश्यांसमोर भांडायचे नाही, आणि मेलेली माशी फेकायची नाही, पानात गुंडाळून पुरायची. पहिल्याच दिवशी तिसऱ्या ओंडक्याखाली एक मेलेली सापडली. पुरली. दुसऱ्या दिवशी चार. माझ्याच पायांखाली येत असतील म्हणून मी अनवाणी हिंडू लागलो (काटा रुतला, पण माश्यांसमोर ओरडलो नाही). तरी मयते वाढतच गेली.

त्याच ओंडक्याच्या दाराशी एक केसाळ, तांबडा किडा पुढचे पाय राळेत माखून बसलेला असे. माश्या दाराला राळ लावतात, तीत बिचारा अडकला असे समजून मी त्याला काडीने सोडवले, त्याचे पाय कापसाने पुसले आणि त्याला लिंबाच्या झाडावर ठेवले. दुसऱ्या दिवशी तो परत हजर. असे चार वेळा झाले. शेवटी नेयदी कुंपणावरून म्हणाली, "अरे शहाण्या, राळ तो स्वतःच फासतो. माशी पायाला चिकटली की सोंड खुपसून तिला शोषतो. आणि तू रोज खुन्याचे हातपाय पुसून देतोस."

फेर्मीनकाका परतले तेव्हा लिंबाखाली इवल्या ढिगाऱ्यांची रांग होती, प्रत्येकावर एकेक फूल. मी सगळे खरे सांगितले. त्यांनी वाकून ढिगारे मोजले. मग म्हणाले, "माझ्या जन्मात इतक्या माश्या मेल्या नाहीत. पण इतक्या मायेने पुरलेल्याही पाहिल्या नाहीत." आणि नेयदीकडे बघून म्हणाले, "मुलगी देईन. ओंडके नाही देणार."

तुमचा,
गास्पार

ता. क. शनिवारी रिवाजाप्रमाणे पाव आणि चॉकलेट घेऊन मागणी घालायला या.

ता. क. दुसरा: काकांची एक अट आहे. शनिवारच्या आत त्या किड्याने गाव सोडले पाहिजे. ते "मार" म्हणाले होते, पण चार वेळा पाय पुसल्यावर माझ्याने ते होईना. तुमच्या गावी कोणी माश्या पाळत नाही, म्हणून त्याला काड्यापेटीत घालून याच पाकिटात ठेवले आहे.

ता. क. तिसरा: पेटी उघडी दिसली तर पाकिटात बोट घालू नये. फार जोरात डसतो. (हे सुरुवातीलाच लिहायला हवे होते, पण तोवर पान स्वच्छ अक्षरात उतरवून झाले होते.)