डावा गुडघा

रविवार, संध्याकाळ

ट्रायथलॉनसाठी सायकल अंगाच्या मापाची करून देणारा चांगला फिटर हवा, म्हणून पुण्याला दोन खेपा झाल्या. पहिल्यानं पडद्यावर कोन दाखवले आणि सीट वर-खाली करून मोकळा झाला. आज ज्यांच्याकडं गेलो त्या बाईंनी आधी विचारलं, "कुठं दुखतं?"

"कुठंच नाही."

आपोआप निघालं तोंडातून. सतरा वर्षं फौजेतल्या डॉक्टरला हेच सांगत आलो. नाहीतर मेडिकल कॅटेगरी घसरायची, बढती अडायची. पण आता रिटायर झाल्यावर काय अडणार होतं? तरी डावा गुडघा लपवलाच.

बाई बराच वेळ माझं पेडल मारणं बघत राहिल्या. पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच. मग त्यांनी पाना खाली ठेवला.

"डावा गुडघा बाहेर जातोय तुमचा. खरं सांगणार असाल तेव्हा या. आज मी सायकलीला हात लावत नाही."

लय राग आला. रहिमतपूरच्या वाटेवरचं खंडाळा येईपर्यंत तो टिकला. मग कळलं, मला हवा होता तो फिटर हीच.

रहिमतपूरला घरात शिरलो, तर बायकोनं चहा पुढं ठेवत विचारलं, "आवं, तिथं गुडघ्याचं सांगितलं न्हवं?"

हिला मी गुडघ्याचं कधी बोललोच नव्हतो.