तिरक्या अक्षरांचे कपाट

मी, खाली सही करणारा, वय एकोणपन्नास, धंदा छापखाना, देवाचे स्मरण करून आणि कुणाच्याही दडपणाशिवाय माझी शेवटची इच्छा लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. हृदयाचे काय ते उद्या शस्त्रक्रियेत डॉक्टर पाहतील.

१. राहते घर, छापखाना आणि बँकेतली शिल्लक पत्नीची. त्यात कोणी नाक खुपसू नये.

२. माझा चिमटा आणि भिंग पुतणीला. ती बापाला चोरून येते, माझ्या तिरक्या अक्षरांचे ठसे नेते आणि कम्प्युटरवर ती पुन्हा रेखाटते. तिला रागावू नये.

३. तिरक्या खिळ्यांचे, म्हणजे शिशाच्या तिरक्या अक्षरांचे, कपाट माझ्या थोरल्या भावाला.

वडिलांनी पुस्तकांसाठी इंग्रजी टाइप जोडीने घेतला होता: मजकुराला सरळ अक्षरे; कवितेची ओळ, ग्रंथाचे नाव, जोर द्यायचा शब्द यांना तिरकी. दोन्ही एकाच हाताने घडवलेली. वडील गेल्यावर वाटणीत दादा म्हणाला, "सरळ मी घेतो. तिरकं तुलाच शोभतं." मीही इरेला पेटून म्हणालो, "दे की मग!" आई म्हणाली, "अरे, जुळी लेकरं अशी वाटून घेतात का कुणी?" तिचे कोण ऐकतो! तेव्हापासून धड पुस्तक ना त्याच्याकडे छापले गेले, ना माझ्याकडे. त्याने पावत्या छापल्या, मी लग्नपत्रिका.

हे कपाट शिशाच्या भावाने भंगारात घालू नये. तिरक्या 'एफ'ची शेपटी खिळ्याबाहेर येते आणि शेजारच्याच्या खांद्यावर टेकते. शेजारी उंच अक्षर आले की मोडते. शेजार पाहून बसवावे. दादाला हे सांगायला नको. त्यानेच मला शिकवले.

४. कपाटाची किल्ली देवघरात आहे. दादाने स्वतः येऊन न्यावी. "माणूस पाठवतो" म्हणाला तर देऊ नये.

५. मी इस्पितळातून घरी परतलो तर हे मृत्युपत्र रद्द समजावे; तिसरे कलम मात्र नाही. तेव्हा किल्ली मीच त्याच्या दारात नेईन. "मग आजच का नाही?" पत्नी सकाळपासून विचारते आहे. माझ्या चपलाही तिने दारात काढून ठेवल्या आहेत.

सही: लिहून ठेवणार
साक्षीदार: १. शेजारचा बाइंडर (सही) २. घरचे डॉक्टर (सही)
स्थळ: राहते घर
दिनांक: १४ नोव्हेंबर, दुपार

ताजा कलम, त्याच साक्षीदारांसमोर, संध्याकाळी: चौथे कलम खोडले आहे. किल्ली पोचली.
(तिघांच्या सह्या)