मक्रीनाच्या चॉकलेटची चव

११ ऑक्टोबर

पुन्हा फसलं! कडूपणा आहे, गोडी आहे, दालचिनीही बोलते आहे — पण मक्रीनाचं नाही. अर्धं प्यायलो, उरलेलं मोरीत ओतलं. मग वाईट वाटलं. चॉकलेट मोरीत ओतणारा माणूस मेक्सिकोत एक वेळ सापडेल, पण आमच्या ओआहाकात आजवर जन्मला नसेल.

मृतांचे दिवस तोंडावर आले. मक्रीना, माझी बायको, गेल्यानंतरचे पहिलेच. घरातल्या वेदीवर तिच्यासाठी तिच्याच चवीचं चॉकलेट ठेवायचं आहे. पहिल्या वर्षी वाट नवी असते म्हणतात, गेलेले बिचारे वासावर घर शोधत येतात. परक्या चॉकलेटचा वास आला तर ही बाई दारातूनच मागे फिरेल. ओळखतो ना मी तिला!

१२ ऑक्टोबर

नेरेइदा येऊन गेली. म्हणाली, "बाबा, बाजारात तयार वड्या मिळतात हो. आईला काय कळणार आहे?" आईला सगळं कळायचं.

तिला म्हटलं, तू मुलगी असून शिकली कशी नाहीस?

"मला उभी तरी करायची का चुलीपाशी? रवी हातात घेतली की ओरडायची — फेस मोडशील, हो बाजूला!"

खरंच. मलाही असंच ओरडायची.

१४ ऑक्टोबर

बाजारभर चॉकलेटं हुंगत फिरलो. विकणाऱ्या बायका हसल्या. एकीनं विचारलं, "अब्दोनदादा, नाकानंच पिणार की काही विकतही घेणार?"

१५ ऑक्टोबर

बसवत नाही. बागेत जातो, परत येतो. म्हणून लिहून काढतो, चव नेमकी कुठे बदलते ते.

माझ्या आईचं चॉकलेट पाट्यावर वाटलेलं. पाट्याखाली निखारे. त्याला धुराचा वास यायचा, आणि दालचिनी इतकी की डोळ्यांत पाणी. ते पाण्यातच करायची. दूध आजाऱ्याला.

बाजारचं म्हणजे साखर. त्यात कोको पाहुण्यासारखा येऊन जातो.

मुलानं सीमेपलीकडून एक वडी पाठवली आहे, सोनेरी कागदातली. तिकडे म्हणे यंत्रात दिवसेंदिवस घोटतात. लोण्यासारखी विरघळते. विरघळली की संपली! आमच्या चॉकलेटमध्ये साखर दाताखाली करकरते, दालचिनीचा एखादा कण सापडतो, तोंडाला काम असतं.

आणि मक्रीनाचं? शाळेत आम्हाला नदीवरची एक कविता होती, तीन कडव्यांची. बाई उभं करायच्या. पहिली दोन घडाघडा म्हणायचो आणि तिसऱ्यापाशी नदी आटायची. पुढे दुकानात गिऱ्हाइकांच्या दाढ्या करताना तीच म्हणायचो, तीही दोनच कडवी. मक्रीनाच्या चॉकलेटचं तसंच आहे. पहिलं कडवं कडू. दुसरं दालचिनीचं. आणि घोट उतरून गेल्यावर, उशिरानं, जिभेच्या अगदी मागे तिसरं काहीतरी यायचं. बदामाच्या जवळचं, पण बदाम नव्हे. तेच तिसरं कडवं मला सापडत नाही!

१७ ऑक्टोबर

कोकोच्या बिया बदलल्या. ताबास्को प्रांतातल्या होत्या, आता चियापासकडच्या आणल्या. मातीच्या तव्यावर भाजल्या. पहिला घाणा कच्चा, आंबूस. दुसरा जळाला — घरभर कोळशाचा वास. तिसरा बरा वाटतो. भाजण्यातच निम्मी चव आहे हे आता बोटं पोळल्यावर कळलं. साली सोलताना मक्रीना गाणं म्हणायची. मला ते येत नाही. कविता म्हटली. दोन कडवी.

१८ ऑक्टोबर

एव्हारिस्तोच्या गिरणीत गेलो. सगळं गाव तिथेच दळतं. रांगेत मी एकटा बाप्या. माझ्या पुढची बाई मिरच्यांचं वाटण करून गेली. मी एव्हारिस्तोला ठणकावून सांगितलं, दगड नीट खरवड, मूठभर साखर फिरवून टाकून दे, मग माझं घाल. मक्रीनाच्या चॉकलेटमध्ये दुसऱ्याचं काही मिसळायला नको!

"झालं, दादा, तुमच्या हजामतीसारखं साफ केलं," म्हणाला.

गिरणीच्या तोंडून गरम, काळं, चकचकीत चॉकलेट उतरलं तेव्हा भांडं मी स्वतःच धरलं.

१९ ऑक्टोबर

नाही.

२३ ऑक्टोबर

बदाम वाढवले. नाही. बदाम जास्त भाजले. नाही. व्हॅनिला घातली — छे, केकवाल्याचं दुकान! दुधात केलं तर सगळ्यालाच पांघरूण घातल्यासारखं. नेरेइदा म्हणते, "बाबा, तुमचा रक्तदाब! आई येईल तेव्हा तुम्हीच तिच्या बाजूला जाऊन बसलेले असाल." पोरीची जीभ आईची आहे.

पण आई आलीच नाही तर? झेंडू आणीन, धूप जाळीन, तिचा फोटो मांडीन. आणि रात्र उलटून जाईल, आणि मला कधी कळणारच नाही.

२६ ऑक्टोबर

पुन्हा गिरणी. पुन्हा म्हटलं, दगड साफ कर.

रांगेतून एक बाई म्हणाली, "दादा, आमचं इतकं घाण असतं का हो?" सगळ्या हसल्या. एव्हारिस्तो हसला नाही. पट्टा थांबवला, हात पुसले.

"एक विचारू? मक्रीनाताईंनी मला कधीच दगड साफ करायला लावले नाहीत."

म्हटलं, म्हणजे?

"त्या चोनाबाईंच्या मागे नंबर लावायच्या. लगेच मागे. मध्ये कुणी घुसलं तर भांडून त्याला मागे काढायच्या. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

चोनाबाई! नेरेइदाची धर्ममाता. नेरेइदाच्या बारशाला, भरल्या अंगणात, चोनाबाई म्हणाली होती, "मक्रीना, तुझ्या चॉकलेटला फेस नाही गं." त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद. रस्त्यात समोर आल्या तर एक जण पलीकडे जायची. नेरेइदाचे आता केस पिकायला लागले. आणि ही त्याच बाईच्या मागे नंबर लावायची?

दळण तसंच उचलून घरी आलो. न दळताच.

२८ ऑक्टोबर

दोन दिवस चोनाबाईच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत आलो. आज गेलो.

"ये अब्दोन. केवढा वाळलास! बस, त्या खुर्चीवर नको, तिचा पाय मोडलाय."

मी सरळ विचारलं, तुमच्या चॉकलेटमध्ये काय असतं?

"मामेयची बी. फळ खाऊन लोक टाकतात ना, ती. भाजायची, चिमूटभर घालायची. कडू बदामासारखा वास. आमच्या आईची पद्धत."

मग मक्रीनाच्या चॉकलेटला ती चव कशी?

तिनं आधी पदर नीट केला. मग म्हणाली, "एव्हारिस्तो माझं खरवडायला लागला की मी त्याचा हात धरायचे. राहू दे म्हणायचे. मूठभर आत ठेवायचे. मागे ती उभी असायची, तिला दिसायचं."

तुम्ही तर बोलत नव्हतात!

"बोलतंय कोण? ती मोठी हट्टी. आणि मी काय कमी?" मग एकदम, "ती गेल्यापासून गिरणीत गेले नाहीये रे. मागे कुणीही येऊन उभं राहतं. पाठीला कळतं."

मी म्हटलं, उद्या चला. पुढे तुम्ही, मागे मी.

"उद्या नको. बिया भाजायला हव्यात. परवा."

३० ऑक्टोबर

चोनाबाईनं सगळं दळून घेतलं. एव्हारिस्तोनं खरवडणं उचललं तर हिनं त्याच्या मनगटावर हात ठेवला. माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. थेट बाहेर जाऊन उन्हात उभी राहिली.

मग माझं. दगड साफ करू नकोस म्हणालो. रांगेत कुणी हसलं नाही.

चिमूटभर गरम गोळा जिभेवर ठेवला. कडू. दालचिनी. आणि मग — थांबलो — मागून, हळूच — आलं! आलं! भर गिरणीत मी मोठ्यानं ओरडलो. चोनाबाई बाहेरून म्हणाली, "म्हातारा वेडा झाला."

१ नोव्हेंबर

वेदी झाली. झेंडू, धूप, अंड्याच्या बलकाचा पाव, तिचा फोटो — त्यात ती रागावलेली दिसते, पण दुसरा चांगला नाही. चॉकलेट पाण्यातच केलं. फेस मात्र चोनाबाईनं काढला. आपणहून आली, रवी माझ्या हातून ओढून घेतली, दोन्ही तळव्यांत घुसळत बसली. फेस भांड्याच्या काठावर चढला तसा फोटोकडे बघून म्हणाली, "हं. बघ आता."

तेवढंच. इतक्या वर्षांनी तेवढंच बोलली.

वेदीवरच्या पेल्यातून वाफ निघत होती तोवर मी वेदीपाशी बसून होतो. काही झालं नाही. दार वाजलं नाही, मेणबत्ती हलली नाही. आली का? कसं कळणार!

३ नोव्हेंबर

वेदी उतरवली. चोनाबाई मदतीला आली होती. चॉकलेटचा पेला होताच तसा, भरलेला, थंड. मृत चव तेवढी घेऊन जातात म्हणतात, आपल्याला नुसतं भांड्यातलं उरतं. घोट घेतला. पुन्हा घेतला. शेल्फावरची त्याच घाण्यातली दुसरी वडी फोडून खाल्ली — कडू, दालचिनी, ते तिसरं, सगळं जिथल्या तिथे. पुन्हा पेला तोंडाला लावला. मग काही न सांगता तो चोनाबाईच्या हातात दिला. ती प्यायली आणि तोंड वाकडं केलं.

"पाणी!" म्हणाली, आणि रडायलाच लागली.