डाळिंबाभोवतीच्या आठ चौकटी

दि. ११ नोव्हेंबर, बुधवार

चि. दादूस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र गेल्या सोमवारी पोचले. सूनबाईंची आणि भिंगरीची खुशाली वाचून समाधान वाटले. पत्राच्या पाठीमागे भिंगरीने काढलेले माझे चित्र देवापुढे ठेवले आहे. त्यात तिने मला पुष्कळ दात दिले आहेत. त्या औदार्याबद्दल तिचा एक पापा घे.

इकडे सर्व ठीक आहे. तुझ्या बाबांची प्रकृती आहे तशीच. डावी बाजू गेली ती गेलीच. जीभ अर्धीमुर्धी चालते. उजव्या हाताची बोटे आखडू लागली होती, त्यासाठी तू ते खेळाचे यंत्र पाठवलेस. "खेळ चालतो का?" असे तू विचारले आहेस. चालतो. व्यायामवाल्या बाईंनी ते टीव्हीला जोडून दिले आणि मला बजावले, "काकू, चेंडू दाबण्यापेक्षा हे बरं. अंगठा हलला पाहिजे. मग तो जपमाळेवर हलो, नाहीतर कुऱ्हाडीवर!"

आरंभी मला त्याचा तिटकारा होता. ज्या शेताच्या मातीने नखे मळत नाहीत आणि ज्याच्या पाण्याने पदर भिजत नाही, ते शेत म्हणजे मायेच्या पोटची दुसरी माया, असे माझे मत. परंतु यंत्राला दोन माणसे लागतात. दुसरा कंट्रोलर माझ्या हाती आला. पडद्यावर मी पिवळ्या टोपीची बाई आहे आणि हे निळ्या टोपीचे गृहस्थ. सकाळची पोथी झाली की आम्ही दोघे शेतावर जातो. त्या शेतातला एक दिवस आपल्या पाव तासाचा. फळझाडाचे रोप लावले की ते अठ्ठाविसाव्या दिवशी फळते.

मी पहिल्यांदा संत्रे लावले, मग सफरचंद. शास्त्रकारांनी वृक्षाला पुत्र मानले आहे, हे मी तीस वर्षे बायकांना वाचून दाखवले. पण स्वतःच्या हाताने रोप लावण्याची ही पहिलीच वेळ. ह्यांनी पहिल्या दिवशी कुऱ्हाड शोधली आणि पुन्हा खाली ठेवली नाही. आधी रानातली झाडे तोडली, मग माझे संत्रे, मग सफरचंद. मी म्हटले, "अहो, ते फळझाड आहे, लाकूडफाटा नव्हे." तर हसून म्हणाले, "झा...ड. पाड...तो." चाळीस वर्षे सुतारकाम केलेल्या माणसाला उभे झाड म्हणजे अपुरे राहिलेले काम वाटत असेल, असे मी मनाला समजावले.

एकदा त्यांनी माझ्याच पिवळ्या बाईवर कुऱ्हाड चालवली. एकदा, दोनदा, दहादा. त्या खेळात माणसाला घाव लागत नाही. पाते आरपार जाते आणि बाई तशीच उभी राहते. परंतु खुर्चीत बसलेली मी प्रत्येक घावाला मान आत ओढून घेत होते. हे त्यांनी पाहिले. त्या दिवशी त्यांच्या अंगठ्याचा व्यायाम फार चांगला झाला.

त्यानंतर मी डाळिंब लावले आणि त्याच्या चारी अंगांनी लाकडी कुंपण घातले, अगदी बुंध्याला चिकटून. कुंपण तोडायला त्यांना वेळ लागेल, तेवढ्यात मी कंट्रोलर काढून घेईन, असा माझा विचार. बावीस दिवस गेले. रोप वीतभरच राहिले. रोज सकाळी पडद्यावर एक ओळ येई, ती मी हवामानाची समजून पुढे जात असे. शेवटी व्यायामवाल्या बाईंनी चष्मा लावून ती वाचली आणि खो-खो हसल्या. "अहो काकू, तुम्हीच त्याला कोंडलंय! भोवतीच्या आठही चौकटी मोकळ्या लागतात. कुंपण सोडाच, साधा दगडही चालत नाही. नाहीतर ते जन्मात वाढायचं नाही."

मीही हसले. राखण म्हणून जे घातले, त्यानेच रोप खुंटले होते. बाई गेल्यावर मात्र तो एक शब्द घरात राहिला. कोंडलंय.

आता तुझ्या मुख्य विचारणेकडे येते. तुम्हा दोघांना चार महिने कामासाठी बाहेर जायचे आहे आणि तेवढे दिवस भिंगरीला आमच्याकडे ठेवावे, असे तुझे म्हणणे. होकार-नकार वीस तारखेच्या आत हवा. तू लिहितोस, "बाबांचा हात आता कुणावर उठणार नाही, तेव्हा भीतीचं कारण नाही." हे वाक्य मी किती वेळा वाचले, ते सांगत नाही. याचे उत्तर

दि. १३ नोव्हेंबर, शुक्रवार

वरचे वाक्य अर्धे टाकून मी उठले आणि दोन दिवस या कागदाकडे फिरकले नाही. आज वाचले. "इकडे सर्व ठीक आहे" हे मी लिहिले आहे, ते खोटे आहे. खोडत नाही. खाडाखोड केली तर मी किती सहज खोटे लिहिते, ते तुला दिसणार नाही.

जे झाले ते गेल्या गुरुवारी झाले, तुझे पत्र येण्याच्या चार दिवस आधी. कुंपण काढल्यापासून मी डाळिंबाला अठ्ठावीस दिवस जपले होते. जागेवरून उठताना ह्यांचा कंट्रोलर सोबत घेऊन जात असे. त्या सकाळी झाडाला पहिले फळ धरले. लहानसे, लाल. दादू, मी हात जोडले. सत्तरी ओलांडलेली बाई टीव्हीपुढे हात जोडून उभी! इतक्यात दूध उतू जाण्याचा वास आला आणि मी तशीच आत धावले. कंट्रोलर त्यांच्या मांडीवर राहिला.

परत आले तेव्हा झाड नव्हते. निळ्या टोपीचा माणूस खुंटावर अजून घाव घालत होता, खुंट संपला तरी जमिनीवर घालत होता. ह्यांनी माझ्याकडे पाहिले. ओठांच्या चालत्या बाजूने म्हणाले, "पाड...लं."

खुंटीवर त्यांची मोजपट्टी असते. पितळी कडांची. तुला ती माहीत आहे.

मी आधी खोलीचे दार लोटले, आतून कडी घातली आणि मग मोजपट्टी काढली. हा क्रम मी मुद्दाम लिहिते आहे. रागाने आंधळ्या झालेल्या माणसाला आधी कडी घालणे सुचत नाही. त्यांचा उजवा हात मांडीवर होता. त्या हातावर मारले. कंट्रोलर खाली पडला, मी मारत राहिले. त्यांनी हात छातीशी ओढला, तेव्हा खांद्यावर मारले, आणि हात पुन्हा वर आला तेव्हा पुन्हा हातावर. बोट मोडल्याचा आवाज वाळकी काटकी मोडावी तसा असतो. पांढऱ्या चादरीवर रक्त उडाले. त्याने मी थांबले नाही.

थांबले ते दोन गोष्टींनी. मला ऐकू आले की कोणीतरी मोठ्या, सुरेल आवाजात स्तोत्र म्हणत आहे, आणि ती मी होते. मारताना मी स्तोत्र म्हणत होते, दादू, एकही शब्द न चुकता. दुसरे म्हणजे हे काहीतरी पुटपुटत होते. मी वाकून ऐकले. ते म्हणत होते, "क...डी. कडी का...ढ."

तेव्हा माझ्या हातून मोजपट्टी पडली.

तू तेरा वर्षांचा असताना, खालच्या कारखान्यातल्या सामानाच्या खोलीला बाहेरून कडी होती. तुझा हात करवतींना लागू नये म्हणून ती बसवली, असे आम्ही सांगत असू. तू चुकलास की हे तुला त्या खोलीत नेत. मोजपट्टीने मारत, कधी पट्ट्याने, आणि एकदा उघड्या पंजाने कानावर. तुझ्या डाव्या कानाने त्या दिवसापासून काम सोडले. भुशावर रक्त सांडले होते. मी त्यावर आणखी भुसा पसरला आणि झाडून काढला. डॉक्टरांना सांगितले, शिडीवरून पडला. त्यांनी पुढे विचारले नाही आणि मी ते माझे भाग्य समजले.

लग्नाआधी तू मला एकदाच विचारले होतेस, "आई, तुला ऐकू येत नव्हतं का गं?" मी म्हटले होते, "बाळा, पोथी वाचताना मला कशाचं भान नसतं." तू मान डोलावलीस आणि तो विषय तिथेच मिटवलास. आईला लाज वाटू नये म्हणून मिटवलास, हे मला तेव्हाही कळले होते.

मला ऐकू येत होते. खाली, त्या दारापासून चार पावलांवर माझा पोथीचा पाट असे. तू "आई, कडी काढ" म्हणत असायचास, ओरडून नव्हे, हळू, म्हणजे ह्यांना कळू नये. आणि मी आवाज चढवत असे. शेजाऱ्यांना वाटावे, या घरात केवढी भक्ती! आणि कडी बाहेरून कोणी लावली, हे तू कधीच विचारले नाहीस. हे तुला घेऊन आत जात. त्यांचे दोन्ही हात तुझ्यावर असत. मग बाहेरून कोण लावणार?

मी लावत असे. पुढे काय होणार हे ठाऊक असून लावत असे, आणि मग पाटावर येऊन बसत असे.

प्रायश्चित्ताचे प्रकार मी इतरांना जन्मभर सांगत आले. त्या साऱ्यांच्या आधी एक पायरी असते: ज्याचा अपराध केला, त्याच्यासमोर तो आपल्या तोंडाने उच्चारायचा. ती मी नेहमी भरभर वाचून पुढे जात असे. आज ती चढले. यासाठी तू मला क्षमा करावीस, असे मी मागत नाही. तसे मागणे म्हणजे पुन्हा तुझ्यावरच ओझे टाकणे.

आता तुझ्या वाक्याचे उत्तर. त्यांचा हात उठणार नाही, हे खरे आहे. माझा उठतो. भिंगरीला इथे ठेवू नकोस. चार महिने नाही, चार दिवस नाही, माझ्याजवळ एकटी कधीच नाही. ती खोडकर आहे, असे तू कौतुकाने लिहितोस. ती एखाद्या सकाळी माझे काहीतरी मोडेल. तेव्हा मी काय करीन, हे गेल्या गुरुवारपर्यंत मला ठाऊक नव्हते.

बोटे पाहायला आलेल्या डॉक्टरीणबाईंना मी आधी "पलंगावरून पडले" असेच सांगितले. त्यांनी ह्यांचा खांदा उघडा केला आणि म्हणाल्या, "काकू, पलंगावरून पडलं की अशा शेजारी-शेजारी सरळ रेघा उठत नाहीत." मी चादर ओढून तो खांदा झाकला. आज सकाळी त्यांच्याकडे जाऊन सगळे सांगितले. त्यांनी ते लिहून घेतले. मग म्हणाल्या, "त्यांना या घरात ठेवता येणार नाही." मी म्हटले, "म्हणूनच आले आहे." सोमवारी ह्यांना शुश्रूषागृहात नेतील. पुढे माझी चौकशी झाली, तर तिथेही हेच सांगेन. ह्यांना मी हे समजावले, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "खे...ळ?" यंत्र त्यांच्यासोबत देते आहे. बोटे जुळली की तिथे हवी तितकी झाडे पाडोत.

जिथे डाळिंब होते, ती जागा आणि भोवतीच्या आठ चौकटी मी मोकळ्या करून ठेवल्या आहेत. तिथे आता काही लावायचे नाही.

सोबतच्या पुडक्यात सामानाच्या खोलीची कडी आहे, तिच्या चार स्क्रूंसह. मी स्वतः काढली. दोन स्क्रू गंजले होते, त्यांना दुपार लागली. फेकायची असेल तर फेक, पण फेकणारा हात तुझा असू दे. उत्तर पाठवण्याची घाई नाही. नाही पाठवलेस तरी ते मला पोचेल.

भिंगरीच्या आठही बाजू मोकळ्या ठेव.

जिला सगळे ऐकू येत होते, ती
तुझी आई