अ‍ॅम्प्लिफायरची वेगळी लाईन

मंगळवार, संध्याकाळ. भांडगाव.

नव्या अ‍ॅम्प्लिफायरला मीटरपासून वेगळी लाईन ओढली. अर्थिंगही वेगळं, खड्ड्यात मीठ-कोळसा मी स्वतः भरला. तरी स्पीकरमधली घरघर जाईना! शेवटी वायरमन दत्तूमामांनी नव्या लाईनसकट सगळ्या घराचा मेन स्विचच बंद केला. घरघर चालूच.

मामा सहज बोलून गेले, "शेतीची लाईट आली जणू. तुझ्या आबांची मोटार हाय ही."

मग त्यांचं त्यांनाच आठवलं. आबा गेल्यावर विहिरीवरची मोटार मीच काढून पडवीत ठेवलीय. तिला वायरसुद्धा नाही. मामा चहा न घेताच गेले.

मी काय भितो का? पण घरघर थांबेना, म्हणून आत्ता पडवीत जाऊन मोटारीला हात लावला.

गरम आहे.